हातातला फोन आणि कायद्याची नजर

पवनेच्या काठचे पिंपळे गुरव हे एके काळी शेतीवाडीचे लहानसे गाव होते. आज ते पिंपरी-चिंचवड महानगराच्या दाट वस्तीत इतके मिसळून गेले आहे की, गावठाणातील अरुंद बोळ कोठे संपले आणि महानगरपालिकेचे रुंद रस्ते कोठे सुरू झाले, हे नवख्या माणसाच्या ध्यानातही येऊ नये. केंद्र शासनाच्या स्मार्ट सिटी योजनेत २०१७ साली पिंपरी-चिंचवडची निवड झाली, तेव्हा विशेष विकासासाठी जे दोन भाग मुक्रर करण्यात आले, त्यांत पिंपळे सौदागरच्या जोडीला पिंपळे गुरव होते. निळू फुले रंगमंदिराच्या या परिसरातून निघून नाशिक फाट्यावर आले आणि तेथून पुणे-नाशिक महामार्गाने भोसरी व मोशी मागे टाकून इंद्रायणी ओलांडली, की कुरुळीच्या पुढे चाकण लागते. फिरंगोजी नरसाळ्यांच्या संग्रामदुर्गामुळे इतिहासाला ठाऊक असलेले, आणि आता मोटारींच्या कारखान्यांमुळे देशाला ठाऊक झालेले. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय अस्तित्वात आले, तेव्हा पुणे शहर पोलिसांकडील सांगवी, वाकड, भोसरी यांसारखी ठाणी आणि पुणे ग्रामीण पोलिसांकडील चाकण, आळंदी, तळेगाव, देहूरोड यांसारखी ठाणी एकाच अंमलाखाली आली. वाहन चालवताना मोबाईल वापरण्यास मज्जाव करणारा कायदा शहरात कसा राबवला जातो आणि खेड्याच्या वाटेवर तो कोठे अडखळतो, हे एकाच हद्दीत पडताळून पाहावयाचे असेल, तर यापेक्षा सोयीचा मुलूख क्वचितच सापडेल.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहनांविषयीचा पहिला सर्वदेशीय कायदा १९१४ साली झाला, दुसरा १९३९ साली आणि सध्याचा १९८८ साली. या तिसऱ्या कायद्यात मुळात मोबाईलचा उल्लेख नव्हता आणि तो असणे शक्यही नव्हते. कारण भारतात मोबाईलवरून पहिले संभाषण झाले ते ३१ जुलै १९९५ रोजी, म्हणजे कायदा होऊन सुमारे सात वर्षे लोटल्यानंतर. त्यामुळे पुढील जवळजवळ पाव शतक, फोनवर बोलत गाडी हाकणाऱ्या इसमास धोकादायक रीतीने वाहन चालवण्याच्या सर्वसाधारण कलमाखाली किंवा किरकोळ नियमभंगाच्या कलमाखाली पकडावे लागे, आणि दंडही नाममात्र असे. १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या सुधारणेने ही उणीव भरून काढली. कलम १८४ मध्ये धोकादायक वाहनचालनाची जी स्पष्ट उदाहरणे आता नमूद झाली आहेत, त्यांत लाल दिवा ओलांडणे आणि उलट दिशेने वाहन चालवणे यांच्याच पंक्तीत ‘हातात धरावयाच्या संपर्कसाधनाचा वापर’ हेही उदाहरण आहे. पहिल्या अपराधास सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि तीन वर्षांच्या आत तोच अपराध पुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे. महाराष्ट्राने वाढीव दंडाचे कोष्टक लागू केले ते २०२१ च्या डिसेंबरात. त्यानुसार जागच्या जागी तडजोड करावयाची झाल्यास पहिल्या खेपेस दुचाकीस्वाराला १,००० आणि चारचाकी चालकाला २,००० रुपये मोजावे लागतात.

परंतु दंडापेक्षा अधिक परिणामकारक, आणि सामान्य वाहनचालकास बहुधा ठाऊक नसलेली तरतूद वेगळीच आहे. कलम २०६ मध्ये त्याच सुधारणेने जोडलेल्या चौथ्या पोटकलमानुसार कलम १८४ चा अपराध करणाऱ्याचे अनुज्ञापत्र, म्हणजे आपण ज्याला लायसन म्हणतो ते, पोलीस अधिकाऱ्याने ताब्यात घेऊन परिवहन खात्याच्या अधिकाऱ्याकडे रवाना करावयाचे असते; आणि तो अधिकारी संबंधितास आपले म्हणणे मांडण्याची संधी देऊन, पहिल्या अपराधास तीन महिने त्याला वाहन चालवण्यास अपात्र ठरवू शकतो व पुढच्या अपराधास परवाना रद्दही करू शकतो. या विचाराची पूर्वतयारी आधीच झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने रस्ता सुरक्षेसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांच्या समितीने २०१५ च्या ऑगस्टमध्ये सर्व राज्यांना निर्देश दिले होते की, अतिवेग, लाल दिवा ओलांडणे, मद्यपान करून वाहन चालवणे आणि वाहन चालवताना मोबाईल वापरणे यांसारख्या कसुरांबद्दल परवाना किमान तीन महिने निलंबित करावा. ज्याची रोजी चाकावर चालते, अशा चाकणच्या कंटेनरचालकास किंवा पिंपळे गुरवच्या घरोघरी जिन्नस पोहोचवणाऱ्या तरुणास दंड जाचक वाटेल खरा, पण तो भरून मोकळे होता येते. तीन महिने घरी बसावे लागणे ही मात्र विसरता न येणारी समज आहे. कायद्याने एवढेही सांगून ठेवले आहे की, अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्यानेच असा अपराध केला, तर कलम २१० ख अन्वये त्याला दुप्पट शिक्षा व्हावी.

कायद्याने दिलेली एक मुभाही ध्यानी ठेवली पाहिजे. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार रस्ता शोधण्यापुरता, आणि चालकाचे चित्त विचलित होणार नाही अशा रीतीने, फोनचा उपयोग करता येतो. म्हणून होल्डरमध्ये बसवलेल्या फोनवर नकाशा पाहणारा रिक्षाचालक अपराधी ठरत नाही. परंतु तोच फोन हातात घेऊन, अंगठ्याने नकाशा मागेपुढे सरकवीत जो रिक्षा हाकतो, त्याला या सवलतीचा आधार घेता येणार नाही.

हा अपराध एवढा गंभीर का मानावयाचा, याचे उत्तर शास्त्राने फार पूर्वीच दिले आहे. रेडेलमायर आणि टिबशिरानी या दोन संशोधकांनी कॅनडातील टोरोंटो नगरात, मोटारीत फोन असलेल्या आणि अपघात घडलेल्या ६९९ चालकांची दूरध्वनी-देयके तपासली, अपघाताच्या क्षणाची संभाषणाच्या वेळेशी सांगड घातली, आणि १९९७ साली असा निष्कर्ष प्रसिद्ध केला की, फोनवर बोलत असताना अपघात होण्याची शक्यता सुमारे चौपट होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, फोन हातात न धरता बोलणाऱ्यांचा धोका त्यांना कमी आढळला नाही. याचे कारण उघड आहे. हात मोकळे राहिले तरी मन मोकळे राहत नाही. डोळे समोरच्या रस्त्यावर खिळलेले असतात, पण डोळ्यांनी आणलेली वार्ता मेंदू वेळेवर स्वीकारीत नाही. शेजारी बसलेला माणूस समोर बैलगाडी आडवी आलेली पाहून आपोआप बोलणे थांबवतो; फोनच्या पलीकडचा माणूस रस्ता पाहत नसल्यामुळे नेमक्या त्याच क्षणी उत्तराची अपेक्षा करीत राहतो. संदेश वाचणे किंवा लिहिणे तर याहून घातक. अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या संशोधन संस्थेने २००९ साली अवजड वाहनांच्या चालकांविषयी जे निष्कर्ष मांडले, त्यांनुसार संदेश टंकित करणाऱ्या चालकाच्या बाबतीत अपघाताचा वा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका २३ पटींनी वाढतो. साधे गणित करून पाहावे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी सेकंदाला ११ मीटर अंतर कापते. स्वाराने तीन सेकंद मान खाली घातली, तर पिंपळे गुरवच्या रस्त्यावरून ती ३३ मीटर आंधळी धावते. चाकणच्या पुढे ताशी ६० च्या वेगाने जाणाऱ्या कंटेनरच्या चालकाने पाच सेकंद पडद्याकडे पाहिले, तर ते अजस्र वाहन ८३ मीटर अंतर कोणाच्याही देखरेखीवाचून तोडते. त्या ८३ मीटरांत शाळेतून परतणारी मुले असू शकतात.

कायदा आहे, शिक्षा आहे आणि शास्त्राचा पुरावाही आहे. मग अंमलबजावणी दुबळी का, या प्रश्नाचे मूळ या अपराधाच्या स्वरूपात दडलेले आहे. हेल्मेट न घालणारा स्वार घरापासून मुक्कामापर्यंत प्रत्येक चौकात तसाच दिसत राहतो. मद्य प्राशन केलेल्या चालकाच्या श्वासात मद्याचा अंश कित्येक तास टिकतो, आणि श्वास-विश्लेषक यंत्र त्याची नोंद करते. अतिवेगाचे मापन यंत्राने होते. फोनचा वापर मात्र काही क्षणांचा असतो आणि मागे डोळ्यांना दिसेल अशी कोणतीही खूण ठेवीत नाही. पुढे पोलीस उभा आहे एवढे दिसताच फोन मांडीवर पडतो, खिशात सरकतो किंवा हेल्मेटच्या आत कानाशी दडतो. अडवल्यावर चालक ‘साहेब, मी कुठे बोलत होतो?’ असे म्हणतो, आणि एकाच्या सांगण्याविरुद्ध दुसऱ्याचे सांगणे एवढाच पुरावा उरतो. म्हणून या बाबतीतील पोलिसी कामाचा सारा भर दंड किती मोठा असावा यावर नसून, तो क्षण पाहणारी नजर कोठे असावी आणि पाहिलेल्याचा विश्वासार्ह दाखला कसा ठेवावा, यावर असला पाहिजे. शहर आणि खेडे यांच्यातील खरा भेद येथे सुरू होतो.

शहरात नजरांची उणीव नाही. सकाळी नऊच्या सुमारास पिंपळे गुरवच्या कोणत्याही गजबजलेल्या चौकात उभे राहिले, तर हिंजवडीकडे निघालेले संगणकसेवक, भोसरीच्या वसाहतीत पहिल्या पाळीला उशीर झालेले कामगार, मुलांना शाळेत सोडणाऱ्या माता आणि पाठीवर चौकोनी पिशवी बांधलेले डिलिव्हरीचे तरुण यांची एकच दाटी दिसते. दिवा लाल झाला, की निम्म्या माना खाली जातात. हिरवा झाला, की काही माना खालीच राहतात आणि मागच्या भोंग्यांनी त्या वर होतात. कोणी मान तिरपी करून फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबून धरलेला असतो आणि तशाच वाकड्या मानेने तो वळण घेत असतो; ज्या बाजूला मान कललेली असते, त्या बाजूचा आरसा त्याला दिसत नाही, आणि अंगाला घासून जाणाऱ्या बसची चाहूलही त्या कानाला लागत नाही. वाहतूक शाखेचा हवालदार येथे आपले यंत्र हाती घेऊन उभा असतो. तो वाहनाचा क्रमांक यंत्रात भरतो, अपराधाची निवड करतो, छायाचित्र जोडतो, आणि काही क्षणांत वाहनमालकाच्या फोनवर चलनाचा संदेश जाऊन पोहोचतो. पूर्वी ज्याला पावती फाडणे म्हणत, त्याचे हे आजचे रूप आहे. परंतु एका चौकात एका वेळी शेकडो वाहने वळत असताना, कोंडी फोडणे, रुग्णवाहिकेला वाट करून देणे आणि ज्येष्ठांना रस्ता ओलांडू देणे ही कामे बाजूस सारून त्याने प्रत्येक कानाकडे पाहावे, अशी अपेक्षा करणे न्याय्य नाही. त्याच्या मदतीस असलेल्या वॉर्डनला दंड करण्याचा अधिकार नसतो.

म्हणून शहरांतून यंत्राच्या नजरेचा आश्रय घेतला जात आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ क ला अनुसरून केंद्र शासनाने ११ ऑगस्ट २०२१ रोजी नियम १६७ क प्रसृत केला. त्यानुसार राष्ट्रीय व राज्य महामार्गांवरील धोक्याच्या टप्प्यांवर आणि दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहरांतील महत्त्वाच्या चौकांत इलेक्ट्रॉनिक देखरेखीची साधने बसवावयाची आहेत. ती कशी वापरावीत याची शिस्तही त्या नियमाने घालून दिली. साधनाला सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे; पुढे अशी देखरेख आहे हे सांगणारे फलक ठळकपणे लावलेले असावेत; चित्रावर स्थळ, दिनांक आणि वेळ यांची मुद्रा असावी; आणि अपराधाची नोटीस १५ दिवसांच्या आत धाडली जावी. हातातील फोनचा वापर हा या साधनांनी टिपावयाच्या अपराधांपैकी एक आहे. मात्र वाहनाचा क्रमांक टिपणे सोपे, काचेआड चालकाच्या हातात काय आहे हे टिपणे अवघड. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने ही अडचण ओळखून, उंचावरून काचेतून खाली पाहणारे कॅमेरे खास याच कामासाठी बसवले. यंत्राने संशयित चित्रे निवडावीत आणि माणसाने ती पुन्हा तपासावीत अशी व्यवस्था केली. २०१९ च्या डिसेंबरपासून तीन महिने केवळ ताकीद देणारी पत्रे धाडली, आणि १ मार्च २०२० पासून दंड सुरू केला. आपल्याकडे पिंपरी-चिंचवडच्या उंबरठ्यावरून जाणाऱ्या यशवंतराव चव्हाण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून जी कॅमेऱ्यांची यंत्रणा कार्यान्वित झाली, ती वेगाबरोबरच मोबाईलचा वापरही टिपते. द्रुतगती मार्गावर जे साधले, ते नाशिक फाट्यावर आणि पिंपळे गुरवच्या मुख्य रस्त्यांवर साधण्यास तंत्राची आडकाठी नाही.

आता इंद्रायणी ओलांडून पलीकडे जाऊ. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांपैकी सुमारे ६८ टक्के मृत्यू ग्रामीण भागातील रस्त्यांवर झाले, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ जणांनी प्राण गमावले. गर्दी शहरात आणि मृत्यू खेड्यात, हा विरोधाभास वरवरचा आहे. शहरातील दाटी वेगाला आपोआप लगाम घालते, तेथे टक्कर झाली तरी ती बहुधा मंद गतीची असते, आणि रुग्णालय जवळ असते. खेड्यालगतच्या मोकळ्या रस्त्यावर वेग वाढतो, दिवे नसतात, दुभाजक नसतो, आणि जखमी माणसाला उपचार मिळेपर्यंत मोलाचा वेळ निघून जातो. चाकण तर या दोन्ही जगांच्या सीमेवर उभे आहे. पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता येथे एकमेकांना छेदतात. बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांच्या कारखान्यांकडे सुटे भाग नेणारे आणि तेथून नव्या मोटारी घेऊन निघणारे लांबलचक कंटेनर; पाळी सुटताच कामगारांनी भरून धावणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या; महाळुंगे, निघोजे, खराबवाडी यांसारख्या गावांतून मुख्य रस्त्यावर शिरणाऱ्या दुचाकी; आणि चाकणच्या महात्मा फुले बाजारात कांदा घेऊन येणारे ट्रॅक्टर व पिकअप. हे सारे तळेगाव चौकात आणि आंबेठाण चौकात एकत्र येतात. चौकात कोंडी असते तोवर पोलीसही असतो; पण चौक मागे पडून रस्ता मोकळा झाला, की पोलिसाची नजर संपते, वेग सुरू होतो, आणि नेमका त्याच वेळी अडत्याला आजचा भाव विचारण्यासाठी, मुकादमाला ‘गाडी कुठवर आली’ हे सांगण्यासाठी किंवा घरच्यांशी बोलण्यासाठी फोन बाहेर निघतो.

ग्रामीण भागात ही नजर प्रत्येक खांबावर कॅमेरा लावून निर्माण होणार नाही. एवढा खर्चही परवडणार नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. तेथे फिरती, अनपेक्षित आणि माणसांच्या ओळखीवर उभी असलेली देखरेख अधिक गुणकारी ठरते. नाकाबंदी ठरावीक जागी व ठरावीक वेळी केली, तर पहिल्या दिवसानंतर तिचा उपयोग उरत नाही. जागा आणि वेळ बदलत राहिली, तर तीच नाकाबंदी दहा गावांच्या रस्त्यांवर आपला वचक ठेवते. पाहणारा अंमलदार रस्त्यालगत थोड्या उंचीवर, आणि अडवणारे पथक तेथून काही अंतर पुढे, अशी मांडणी केली, तर फोन खिशात सरकण्यापूर्वीच तो नजरेत येतो आणि त्याचे चित्रणही होते. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ अन्वये नेमलेला पोलीस पाटील हा गावातील प्रत्येक घर ओळखणारा माणूस असतो. त्याला दंड वसूल करण्याचा अधिकार नाही. पण ट्रॅक्टर हाकता हाकता फोनवर बोलणाऱ्या मुलाच्या बापाशी ओट्यावर बसून चार शब्द बोलण्याचा त्याचा अधिकार कोणत्याही चलनापेक्षा जुना आहे, आणि ग्रामसभेत त्याने हा विषय काढला तर तो ऐकला जाईल. तिसरा उपाय कारखान्यांच्या फाटकाशी आहे. चाकणच्या रस्त्यांवरील अवजड वाहनांचा मोठा भाग कोणत्या ना कोणत्या कारखान्याच्या ठेक्यावर चालतो. हेल्मेटावाचून कामगाराला आत न घेणारे फाटक, चालत्या गाडीत फोन हाताळणाऱ्या चालकाचा ठेका रोखण्याची अट करारात घालू शकते. पोलिसांनी केलेल्या अशा चलनांची यादी कारखान्याच्या वाहतूक विभागाला नियमाने कळवली गेली, तर पन्नास नाकाबंद्यांचे काम एक करारपत्र करील.

अपघात घडून गेल्यानंतरचे काम तितकेच मोलाचे आहे, आणि तेथे आपण फार मागे आहोत. केंद्रीय अहवालाने २०२२ साली देशभरात मोबाईलच्या वापरामुळे घडलेल्या अपघातांत ३,३९५ मृत्यू नोंदवले. एकूण मृत्यूंच्या मानाने हे प्रमाण दोन टक्के. ज्या देशात कोणत्याही रस्त्यावर पाच मिनिटे उभे राहिल्यास फोन हाती धरलेला चालक दृष्टीस पडतो, त्या देशात हा आकडा पूर्ण सत्य सांगत असेल असे मानणे कठीण आहे. याचे कारण पंचनाम्यात शोधले पाहिजे. अपघाताचा पंचनामा लिहिताना चाकांच्या खुणा, काचांचे तुकडे, वाहनांची दिशा आणि रस्त्याची रुंदी यांची नोंद होते. चालकाचा फोन कोठे पडला होता, त्याचा पडदा उघडा होता की बंद, याची नोंद क्वचित होते, आणि मग कारणाच्या रकान्यात ‘अतिवेग’ असे लिहून प्रकरण पुढे सरकते. वास्तविक टोरोंटोच्या संशोधकांनी जी पद्धत वापरली, तीच पद्धत तपासी अंमलदाराच्या हाती आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ अन्वये तो दूरसंचार कंपनीकडून संभाषणांचा तपशील मागवू शकतो, अपघाताच्या वेळेशी तो ताडून पाहू शकतो, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडून तो न्यायालयात रुजू करू शकतो. इंटरनेटवरून झालेली संभाषणे त्या यादीत दिसत नाहीत हे खरे. तरी डेटा-वापराच्या नोंदींतून त्यांचाही माग लागू शकतो. हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे; फोन चालू होता ही गोष्ट सिद्ध झाली, तर ती हयगय किती गंभीर होती हे न्यायाधीशाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. ज्या कुटुंबाने माणूस गमावला, त्याला हे सत्य कळण्याचा हक्क आहे.

या साऱ्या कारभाराला लोकांचा विश्वास लागतो, आणि तो निष्पक्ष वागणुकीतूनच येतो. गावच्या पुढाऱ्याची गाडी सोडून दिली आणि मागून आलेल्या मजुराची अडवली, किंवा चलनाऐवजी चिरीमिरीवर प्रकरण मिटले, तर त्या एका प्रसंगाने शंभर चलनांचा नैतिक अधिकार नाहीसा होतो. पोलिसांनी खासगी मोबाईलवर छायाचित्रे काढून नंतर चलने करण्यास राज्याच्या वाहतूक विभागाने २०२५ साली मनाई केली, ती योग्यच होती. कारण पुरावा सरकारी यंत्राने, स्थळ-काळाच्या मुद्रेसह आणि सर्वांसाठी एकाच रीतीने घेतलेला असला, म्हणजे दंड भरणारा मनातून तो मान्य करतो. इटालियन विचारवंत बेकारिया याने १७६४ साली लिहिलेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, अपराधाला आळा बसतो तो शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिच्या निश्चितीमुळे. आपण दंडाचे आकडे वाढवले आणि निश्चिती मात्र वाढवली नाही. दहा हजारांचा दंड दहा वर्षांतून एकदा होण्यापेक्षा हजार रुपयांचा दंड दर वेळी होणे अधिक माणसे वाचवील, आणि हे तत्त्व पिंपळे गुरवच्या चौकाला जितके लागू आहे तितकेच चाकणच्या माळावरील रस्त्यालाही लागू आहे. शहरात यंत्राने, खेड्यात माणसाने आणि अपघातानंतर चोख तपासाने, असा तिहेरी बंदोबस्त झाला, तरच एकच कायदा दोन्हीकडे सारखा वागतो असे म्हणता येईल.

तरीही एक गोष्ट कोणत्याही पोलिसाच्या आवाक्याबाहेरची आहे. प्रत्येक संभाषणाला दोन टोके असतात आणि कायद्याचा हात पोहोचतो तो फक्त चालकाच्या टोकापर्यंत. कारखान्यातून कंटेनरचालकाला दर अर्ध्या तासाला फोन करणारा सुपरवायझर, डिलिव्हरीच्या मुलाला ‘अजून किती वेळ’ असे विचारणारे गिऱ्हाईक, आणि कामावरून परतणाऱ्या मुलाला ‘येताना कोथिंबीर आण’ असे सांगणारी आई, यांपैकी कोणावरही खटला होत नाही. परंतु गाडी चालवणाऱ्याचा हात खिशाकडे जातो तो त्यांच्या हाकेमुळे. आपल्याकडे ‘गाडीवर आहे, बोल’ असे उत्तर इतक्या सहजतेने दिले जाते आणि इतक्याच सहजतेने ऐकून घेतले जाते की, त्यात काही वावगे आहे असे दोघांनाही वाटत नाही. नाकाबंदीवरचा शिपाई दिवसाकाठी काही मोजक्या चालकांना थांबवू शकेल. ज्याने फोन केला आहे तो माणूस मात्र प्रत्येक वेळी, प्रत्येक चालकाला थांबवू शकतो, आणि त्यासाठी ना वर्दी लागते ना यंत्र.

म्हणून वाचकांना कळकळीची विनंती आहे. पलीकडून ‘गाडीवर आहे’ एवढे शब्द कानी पडताच, काम कितीही निकडीचे असो, ‘पोहोचल्यावर कर’ असे म्हणून फोन ठेवून द्या. आणि गाडीवर तुम्ही स्वतः असाल, तर रस्त्याच्या कडेला थांबल्यावाचून तो उचलूच नका.